तपासणी येते तेव्हा शेतात कोण असतं?

मे महिन्यात मानवत किंवा सेलू तालुक्यातल्या कापसाच्या शेतात काय दिसतं? पऱ्हाट्या उपटून बांधाला रचलेल्या, काळी जमीन नांगरून तापायला टाकलेली, आणि माणूस एखादाच. वेचणीच्या बाया नाहीत, फवारणीचा पंप नाही, कापूस जोखायचा काटा नाही. अशा शेतावर उभं राहून 'बालमजूर आढळले नाहीत, सक्तीची मजुरी आढळली नाही, संरक्षक साहित्य उपलब्ध आहे' असं लिहून सही करता येते. त्यातलं एकही वाक्य खोटं नसतं. तेच शेत दिवाळीच्या सुटीत पाहिलं, तर यातलं किती टिकेल हे मात्र सांगता येत नाही.

शेतमजुरांच्या परिस्थितीची तपासणी हा आता परभणीसारख्या जिल्ह्यालाही परका विषय राहिलेला नाही. इथला कापूस जिनिंगमधून गिरणीत आणि तिथून परदेशी दुकानातल्या शर्टात जातो, साखर शीतपेयांत जाते. शर्ट आणि शीतपेय विकणाऱ्या कंपन्यांना त्यांच्या देशात जाब विचारला जातो. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदा लागू आहे. मोठ्या कंपनीने आपल्या मालामागे बालमजुरी किंवा वेठबिगारी नाही ना, हे पाहायचं, असं तो सांगतो. युरोपीय संघानेही २०२४ मध्ये तशाच धर्तीचा नियम मंजूर केला. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली हा भाग वेगळा. मग कंपनी पुरवठादाराला विचारते, पुरवठादार जिनिंगवाल्याला किंवा कारखान्याला, आणि शेवटी फॉर्म घेऊन एक माणूस बांधावर येतो. कापसात 'बेटर कॉटन'सारखा कार्यक्रम आहे, जो भारतात २०१०-११ च्या हंगामापासून चालू आहे. उसात 'बॉन्सुक्रो' आहे, द्राक्षांसारख्या निर्यातीच्या मालात 'ग्लोबल गॅप'. निकष साधारण सारखे: लहान मुलं कामावर नकोत, मजुरी ठरल्याप्रमाणे मिळावी, पिण्याचं पाणी आणि आडोसा असावा, औषध फवारणाऱ्याच्या अंगावर हातमोजे-मुखवटा असावा, कर्जाच्या दाव्याने कुणाला बांधून ठेवलेलं नसावं.

निकषांवर आक्षेप घ्यायला जागा थोडी आहे. प्रश्न तारखेचा आहे. ती बहुतेक वेळा ऑडिट कंपनीच्या सोयीने, प्रमाणपत्राची मुदत संपते त्या महिन्याने किंवा खरेदीदाराच्या आर्थिक वर्षाने ठरते. मजुरीचं वर्ष मात्र वेगळं चालतं. तपासणीचं वेळापत्रक कामाच्या हंगामाला बांधलं नाही, तर ती करणं आणि न करणं यात फरक उरत नाही. उलट न केलेली तपासणी बरी. निदान तिच्यामुळे सगळं आलबेल असल्याचा कागद तरी तयार होत नाही. कागद काय करू शकतो याचं भीषण उदाहरण कराचीत घडलं. अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला एसए ८००० हे कामगारांच्या सुरक्षिततेचं नामांकित प्रमाणपत्र मिळालं आणि काही आठवड्यांतच, ११ सप्टेंबर २०१२ रोजी, तिथे लागलेल्या आगीत अडीचशेहून अधिक माणसं गेली. कारखान्याला निदान भिंती असतात, यंत्रं असतात, कामगार बारमाही असतात. शेतात तेवढंही हाताला लागत नाही.

परभणी जिल्ह्याचं मजुरीचं वर्ष सुरू होतं गुढीपाडव्याला. सालगड्याचा करार त्या दिवशी होतो: तोंडी, चार माणसांसमोर, पुढच्या पाडव्यापर्यंतचा. साल किती, त्यातली उचल किती, धान्य किती पोती, आजारपणात किती दिवसांची सूट, सगळं तेव्हाच ठरतं आणि मागच्या सालाचा हिशेबही तेव्हाच मिटतो, किंवा मिटत नाही. सालगड्याच्या अंगावर बाकी निघाली की तो पुढच्या सालाला आपोआप बांधला जातो. वेठबिगारीचा प्रश्न विचारायचा तर पाडव्याच्या आगेमागे आठ-दहा दिवसांत विचारायला हवा; तेव्हा आकडे माणसांच्या तोंडावर असतात. जानेवारीत विचारलं तर 'चाललंय बरं' यापलीकडे उत्तर मिळत नाही. मालक शेजारी उभा असला तर तेवढंही नाही.

मग मृग. पेरणी, मागोमाग खुरपणी. खुरपणीला बायांची रोजंदारी, नाहीतर एकरावर गुत्तं. श्रावण-भाद्रपदात कापूस कमरेच्या वर गेला की फवारणी. फवारणीचा मजूर बहुधा पंपामागे पैसे घेतो. जितके पंप जास्त, तितका रोज जास्त. साहजिकच मुखवटा लावून, वारा पाहून, थांबून-थांबून फवारणं त्याला परवडत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. तेव्हापासून कंपन्या, कृषी विभाग, प्रकल्प राबवणाऱ्या संस्था सगळ्यांनी संरक्षक किट वाटली. ती कुठे असतात हे पाहायचं तर हिवाळ्यात शेतकऱ्याच्या घरी जावं. खुंटीला किट टांगलेलं असतं, घडीसुद्धा मोडलेली नसते. फोटो मात्र छान येतो. तपासणीच्या अहवालात जाणारा फोटो हाच. सप्टेंबरमधल्या दमट दुपारी, ढगातून ऊन निघालेलं असताना, ते किट घालून कुणी वीस पंप मारू शकतो का, हा खरा प्रश्न. आणि तो सप्टेंबरमध्येच विचारता येतो.

वेचणी हा कापसातला सगळ्यात मोठा मजुरीचा भाग आणि तपासणीतून हमखास निसटणारा. त्यामागे साधं कारण आहे. प्रमाणपत्र हातात असेल तरच त्या नावाने कापूस पुढे विकता येतो. कापूस घरात आल्यावर प्रमाणपत्र मिळून उपयोग काय? त्यामुळे वेचणी सुरू व्हायच्या आत कागदपत्रं उरकून घेण्याकडे सगळ्यांचीच ओढ असते. म्हणजे पीक उभं असताना माती, खत, कीड यांची पाहणी होते. मजुरीची पाहणी ज्या कामावर व्हायला हवी ते काम अजून व्हायचंच असतं.

वेचणीचा दिवस नीट पाहिला तर तपासणी कशाची करायची ते कळतं. पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही होते, पूजेनंतरच कापसाला हात लागतो. नंतर दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत, फरदड ठेवली तर त्याहूनही पुढे, रोज सकाळी ऑटोत दाटीवाटीने बसून बायांची टोळी येते. कमरेला ओटी, डोक्याला पदर किंवा शर्ट गुंडाळलेला, बोटांना बोंडाच्या टोकांचे ओरखडे. संध्याकाळी बांधावर काटा टांगला जातो. गाठोडी एकेक करून चढतात, मालक किंवा त्याचा मुलगा वजन मोठ्याने सांगतो, खिशातल्या डायरीत लिहितो. कापडाचं म्हणून अर्धा-एक किलो वजा होतो. अलीकडच्या हंगामांत वेचणीचा दर किलोला दहा रुपयांच्या आसपास आहे. बहर चांगला असला तर सराईत बाई पस्तीस-चाळीस किलो वेचते, शेवटच्या वेचण्यांना त्याच्या निम्मंही होत नाही.

आता त्या डायरीत एका बाईच्या नावावर साठ किलो दिसले तर?

बाई पटाईत असेल. किंवा तिच्यामागच्या तासात तिची दहा-बारा वर्षांची मुलगी वेचत असेल. मुलीचा कापूस आईच्या गाठोड्यात जातो, मुलीचं नाव कुठेच लागत नाही, आणि मालक खऱ्या मनाने सांगू शकतो की त्याने एकाही लहान मुलाला कामावर ठेवलेलं नाही. दिवाळीची सुटी नेमकी वेचणीच्या ऐन भरात येते. २०१६ मध्ये बदललेल्या बालमजुरी कायद्याने शाळा सांभाळून घरच्या शेतात मदत करायला मुलांना मुभा दिली आहे. दुसऱ्याच्या शेतात मजुरीने वेचायला नाही. घरच्या शेताची मदत आणि परक्या शेताची मजुरी यातली रेषा वजनाच्या काट्यावर पुसली जाते. ती पाहायची तर संध्याकाळी, काटा चालू असताना, डायरी उघडी असताना तिथे असावं लागतं. ऑडिटर सकाळी अकराला जिल्ह्याच्या गावाहून गाडीने निघतो आणि चारला परत फिरतो. काटा लागतो पाचनंतर.

शेजारच्या मध्य प्रदेशातल्या कापसाच्या शेतांवर ट्रान्सपेरेंटेम या अमेरिकी संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये आला. बालमजुरी आणि कर्जापोटी बांधली गेलेली मजुरी या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. मराठवाड्याला त्यावरून नाक मुरडण्याचं कारण नाही. पीक तेच, वेचणी तीच, काटाही तोच.

ऊस हा तर हंगामाचाच धंदा. परभणी जिल्ह्याचं उसाशी नातं दुहेरी आहे. गंगाखेड, पाथरी, सोनपेठ, पूर्णा या पट्ट्यात कारखाने आहेत, तिथल्या फडात बाहेरच्या टोळ्या येतात. आणि याच जिल्ह्यातल्या, विशेषतः गंगाखेड, पालम, जिंतूरकडच्या वाड्या-तांड्यांवरून हजारो माणसं दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. म्हणजे मजूर ज्या गावातून निघतो ते गाव आणि तो ज्या फडात राबतो तो फड, दोन्ही एकाच जिल्ह्यात पाहायला मिळतात. तपासणीची पद्धत घासून पाहायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

तोडीच्या व्यवहाराला तीन टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर वेगळी गोष्ट दिसते. आषाढ-श्रावणापासून टोळी बांधणारा मुकादम उचल वाटायला लागतो. कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, पन्नास हजारांपासून लाखाच्या वर रक्कम जाते. ती लग्नात, दवाखान्यात, घराच्या पत्र्यांत कधीच खर्च झालेली असते. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात. फडाजवळ कोप्या पडतात, पहाटे तीन-चारला बाया उठतात, दिवसभर तोड, मोळ्या बांधणं, आणि गाडी रात्री एकला आली तर रात्री एकला भरणं. एखाद्याने खाडा केला तर दंड. फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊस जास्त असेल तर एप्रिलमध्ये, पट्टा पडतो म्हणजे हंगाम संपतो, हिशेब होतो, आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते.

या साखळीत तपासणी कुठे बसते? बहुतेक वेळा मधल्या टप्प्यात, दिवसाच्या उजेडात, कारखान्याच्या शेती विभागाचा माणूस सोबत घेऊन. तिथे पाण्याचा टँकर दिसतो, प्रथमोपचाराची पेटी दिसते, ऊस तोडणारी माणसं दिसतात. रात्रीची भरणी दिसत नाही. कर्ज दिसत नाही, कारण ते पाचशे किलोमीटर लांब एका तांड्यावर चार महिन्यांपूर्वी दिलं गेलं. बाईची मजुरी दिसत नाही, कारण हिशेब कोयत्याचा आहे आणि पैसे नवऱ्याच्या हातात आधीच पडलेत. फॉर्ममध्ये 'स्त्री-पुरुषांना समान वेतन मिळते का' असा रकाना असतो. टनाचा दर एकच असल्याने त्यावर 'होय' लिहावं लागतं! जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. वाढ मोठी होती, पण ती जोडीच्या खात्यात गेली की उचलीत वळती झाली, हे कुठल्याही तपासणीच्या कागदावरून कळणार नाही.

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी महाराष्ट्रातल्या उसाच्या फडांवर लांबलचक शोधवृत्त छापलं. उचलीचं कर्ज, बालविवाह, गर्भाशय काढलेल्या बाया, आणि या साखरेचे गिऱ्हाईक म्हणून कोका-कोला आणि पेप्सिको ही नावं. मराठी वाचकाला त्यात नवं काही नव्हतं. बीडच्या वर्तमानपत्रांनी ते वर्षानुवर्षं लिहिलं होतं. नवल होतं ते याचं की निकष, ऑडिट आणि प्रमाणपत्रं यांचा एवढा पसारा असूनही हे बाहेर आणायला बातमीदार लागले.

इथे एक गोष्ट मात्र नीट पाहायला हवी, नाहीतर 'ऐन हंगामात जा' एवढाच सोपा धडा निघेल आणि तोही अपुरा ठरेल. गर्भाशयाचा प्रश्न कुठे उघडा पडला? फडात नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. ही पाहणी बायांच्या गावात झाली, ओळखीच्या आरोग्यसेविकांमार्फत, त्या घरी असताना. फडात कोयता हातात असलेल्या बाईला अनोळखी माणसाने हे विचारलं असतं तर तिने मान वर केली नसती. याचा अर्थ मोकळे महिनेही वाया नसतात. मात्र कुठला प्रश्न कुठल्या महिन्यात आणि कुणाच्या तोंडून विचारायचा, हे आधी ठरलेलं असावं लागतं. पाणी, आडोसा, कामाचे तास, मुलं फडात आहेत की नाहीत, याला डिसेंबर-जानेवारीचा फड हवा. उचल किती घेतली, कुणाकडून, कागदावर काय लिहिलं, याला ऑगस्ट-सप्टेंबरमधला तांडा हवा. आजारपण, गर्भपात, शस्त्रक्रिया, राहिलेली बाकी, याला पट्टा पडून माणसं परतल्यानंतरचं गाव हवं. एका भेटीत हे तिन्ही साधण्याचा आग्रह धरला की तिन्ही हातची जातात.

हे फार महागडं किंवा हवेतलं आहे असं कुणी म्हणेल. पण बीडमध्ये ऊसतोड महिलांची तोडीला जाण्याआधी आणि परतल्यावर अशी दोनदा आरोग्य तपासणी होऊ लागली आहेच. सरकारी यंत्रणेला, तीही आपल्या सरकारी यंत्रणेला, जे जमतं ते लंडनहून मानकं ठरवणाऱ्या बॉन्सुक्रोसारख्यांना जमू नये? रोजगार हमीची जागा घेणारा जो नवा कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर केला, त्यात १२५ दिवसांच्या हमीबरोबर पेरणी-कापणीच्या ऐन दिवसांत मिळून ६० दिवसांपर्यंत सरकारी कामं बंद ठेवण्याची तरतूद आहे. ती मजुराच्या हिताची की मालकाच्या, यावर वाद आहे आणि तो रास्तही आहे. तरी एवढं त्यावरून दिसतं की शेतीचा हंगाम दिल्लीतही कागदावर मांडता येतो.

अर्थात सरकारचं घड्याळही नेहमी बरोबर चालतं असं नाही. तोडीला जाणाऱ्या आईबापांची मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. वसतिगृह दिवाळीनंतर सुरू झालं तर काय होतं ते वेगळं सांगायला नको: मुलं तोवर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेलेली असतात. पटावर नावं आहेत, वसतिगृहाला मान्यता आहे, मूल मात्र कराडजवळच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत बसलंय.

शेतकऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे, कारण वेचणीच्या दिवसांत तपासणी म्हटलं की पहिला त्रास त्याला. तो म्हणेल, बोंडं फुटलीत, वर आभाळ आलंय, बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर ऑटोचं भाडं मी देतोय, आणि तुम्ही माझ्या सहा बाया बाजूला घेऊन तासभर प्रश्न विचारणार? त्याचं म्हणणं खोटं नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. दहा रुपये किलोने वेचणीचेच हजार रुपये जातात, म्हणजे आठवा हिस्सा केवळ वेचणीला. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं गेलं आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत चालली. बाजारात भाव हमीच्या खाली राहिले. अशा वर्षी परदेशी दुकानदाराच्या समाधानासाठी आपल्या शेतात फॉर्म भरून घ्यायला पाच एकरवाल्याने का उत्साह दाखवावा? त्याच्या कापसाला त्याबद्दल चार पैसे जास्त मिळतातच असं नाही. आणि ज्याला आपण मालक म्हणतो तो स्वतः, त्याची बायको आणि आई त्याच तासात वेचत असतात. मोठ्या मळ्यांसाठी घडवलेला मालक-मजूर असा सरळ साचा इथे नीट बसत नाही.

पण यातून मे महिन्यात या, असा निष्कर्ष काढायचा की तपासणीची रीत बदलायची? वेचणारी बाई वजनावर कमावते. तिचा तास घेतला तर तीन-चार किलो, म्हणजे तीस-चाळीस रुपये गेले. कंपनीच्या लेखी ही रक्कम काहीच नाही. तिच्या लेखी संध्याकाळचं तेल-मीठ. मुलाखतीच्या वेळेचे पैसे तिथल्या तिथे द्यावेत आणि ते शेतकऱ्याच्या खिशातून जाऊ नयेत, एवढी अट घातली तरी निम्मा विरोध मावळेल. उरलेला निम्मा संध्याकाळी वस्तीवर गेल्याने. शेतात फक्त पाहायचं: कोण वेचतंय, पाणी आहे का, काटा कसा चालतो. विचारायचं ते घरी, बाजाराच्या दिवशी, मालकाच्या नजरेआड. विचारणारी शक्यतो बाई असावी आणि तिला मराठवाड्याची बोली, गरज पडेल तिथे बंजारा बोलीही, यावी. पुण्या-मुंबईच्या शुद्ध मराठीत 'आपणास वेतन वेळेवर मिळते का' असं विचारलं की समोरून 'हो जी' हेच येणार.

तारीख आधी कळवायची की अचानक जायचं, हा वाद ऑडिटवाल्यांत जुना आहे. आधी कळवलं तर मुलं त्या दिवशी मामाच्या गावाला जातात. अचानक गेलं तर शेत रिकामं मिळतं, कारण रात्री पाऊस झाला म्हणून वेचणी दोन दिवस पुढे गेलेली असते. किंवा लातूरच्या शेजारच्या गावांत नेमकी वेळअमावस्या निघते, अख्खं गाव शेतात असतं, पण अंबिल-भज्जी खायला! यावर मधला रस्ता असा की दिवस सांगायचा नाही, पंधरवडा सांगायचा, आणि तो पंधरवडा इंग्रजी तारखेला न बांधता कामाला बांधायचा. 'नोव्हेंबर १० ते २५' याऐवजी 'दुसरी वेचणी सुरू झाल्यापासून पंधरा दिवस'. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला त्याने सोयाबीन पाण्यात गेलं, कापसाची बोंडं सडली, पुढच्या सगळ्या कामांचं गणित विस्कटलं. त्या वर्षी जूनमध्ये ठरवलेल्या तारखा घेऊन जो शेतात गेला असेल त्याने काय पाहिलं असेल?

आणि ही माहिती मिळवायला उपग्रह लागत नाहीत. परभणीतच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, १९७२ पासून. त्याच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेचा सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. कुठलं पीक कुठल्या अवस्थेत आहे, वेचणी कधी करावी, फवारणी कधी टाळावी, सगळं त्यात असतं. कारखाना कधी पेटणार हे साखर आयुक्तांच्या गाळप परवान्यावरून आणि मंत्री समितीच्या निर्णयावरून राज्याला कळतं. २०२४ मध्ये निवडणुकीमुळे गाळप १५ नोव्हेंबरवर गेलं, २०२५ मध्ये १ नोव्हेंबर ठरलं. तांड्यावरून कुठली जोडी कधी निघाली हे आशाताईला माहीत असतं, अंगणवाडीताईला माहीत असतं, आणि मुकादमाला तर असतंच. बेटर कॉटनसारख्या प्रकल्पात तीन-चार हजार शेतकऱ्यांमागे एक प्रकल्प गट असतो आणि गावोगाव फिरणारे तरुण कार्यकर्ते असतात. वेचणी लागली हे त्यांना फोनवर विचारलं तरी दोन मिनिटांत समजतं. त्यांना मजुरीबद्दल कुणी विचारत नाही. त्यांच्या वहीत पक्षीथांबे, कामगंध सापळे आणि निंबोळी अर्काच्या नोंदी असतात.

सोयाबीनच्या मजुरीचा एक शब्दही आतापर्यंत आला नाही, आणि हे लक्षण आहे. परभणीच्या खरिपात सोयाबीन कापसाच्या बरोबरीने उभं असतं, काढणीला एकरी गुत्तं घेऊन टोळ्या फिरतात, रात्री दिव्याच्या उजेडात मळणी यंत्र चालतं आणि दरवर्षी कुणाचा तरी हात, कुणाची ओढणी त्यात जाते. पण सोयाबीनच्या तेलामागे दुकानात प्रश्न विचारणारा परदेशी गिऱ्हाईक नाही, म्हणून तपासणीही नाही. ज्या बाया सप्टेंबरअखेर सोयाबीन कापतात, त्याच दसऱ्यानंतर कापूस वेचतात. एका शेतात त्यांना आडोसा, पाणी, हातमोजे मिळावेत यासाठी युरोपात कायदे होतात. शेजारच्या शेतात त्यांना कुणी विचारत नाही. तिथे विचारणं हे जिल्ह्याच्या कामगार कार्यालयाचं आणि ग्रामपंचायतीचं काम. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये घेण्याचं आणि तेवढेच सरकारने घालण्याचं ठरलेलं आहे. सोयाबीन-कापसाच्या मजुरासाठी असं काहीच नाही.

कंपन्यांना एकदम जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत काही करायची गरज नाही. गंगाखेड तालुक्यातले दोन-तीन तांडे, त्यांच्या टोळ्या ज्या कारखान्याच्या फडात जातात ते फड, आणि मानवत-सेलूमधली पाच-सात गावं, एवढ्यावर एक वर्ष काम करून पाहावं. पहिली भेट ऑगस्टमध्ये उचलीच्या वेळी, दुसरी सप्टेंबरमध्ये फवारणीला, तिसरी दुसऱ्या वेचणीला संध्याकाळी काट्यावर, चौथी डिसेंबरच्या रात्री फडात गाडी भरताना, पाचवी पाडव्यानंतर गावात. आता एकाच भेटीवर जो खर्च होतो त्यात मुंबई-दिल्लीहून येणाऱ्याचं विमान, हॉटेल आणि गाडी असते. पाच भेटी स्थानिक, प्रशिक्षित बायांकडून करून घेतल्या तर आकडा त्याच्या आसपासच राहावा. अडचण वेगळीकडेच आहे: पाच भेटींत जे सापडेल ते लिहून दिल्यावर प्रमाणपत्र मिळेलच असं नाही. आणि ऑडिटरची फी आज ज्याची तपासणी त्याच्याच खिशातून जाते. ती फी खरेदीदारांनी एकत्र निधीत भरायची आणि ऑडिटर निधीने नेमायचा, इथपर्यंत कंपन्या येणार असतील तर उचल वाटायला सुरुवात होण्याआधीच बोलणी सुरू व्हायला हवीत.